सात नंबरचा व्हॉल्व्ह

माझ्यावर सगळ्यात जास्त ऋण कोणाचं, असं कोणी विचारलं तर मी अप्पांचं नाव सांगतो. आई-वडिलांचं आहेच, ते वेगळं सांगायला नको. अप्पा परळीला आमच्या कॉलेजात भौतिकशास्त्राच्या प्रयोगशाळेत सहायक होते. त्यांचं पूर्ण नाव पगारपत्रकावर असायचं, बाकी ते कुठं ऐकू आलं नाही. प्राचार्यांपासून शिपायापर्यंत सगळे त्यांना अप्पाच म्हणत.

अप्पाही कोणाला नावानं हाक मारत नसत. मुलगा ज्या गावचा, ते गाव म्हणजे त्याचं नाव. आमच्या वर्गात एक लिंबागणेश होता, दोन केज होते, त्यातलं एक मोठं केज आणि एक बारकं केज. मी उमापूर. "ए उमापूर, मीटरकडं बघ. माज्या तोंडावर काय काटा हाय का?" असं ते म्हणत, आणि पोरं हसत. पुढं मी त्याच कॉलेजात शिकवायला आलो तेव्हा त्यांनी फक्त एक शब्द जोडला. मी 'उमापूर सर' झालो.

त्यांचं घर बाजारपेठेतलं, धान्याचा व्यापार करणाऱ्या लिंगायत कुटुंबातलं. भावांनी दुकान सांभाळलं आणि हे तराजू सोडून मीटरकडे आले. घरच्यांनी त्यांना त्याबद्दल कधी पूर्ण माफ केलं नाही, असं ऐकलं होतं. लग्न केलं नव्हतं. कपाळावर भस्माचे तीन पट्टे, अंगात पांढरा सदरा, पायात रबरी तळाचे कापडी बूट. हे बूट ते प्रयोगशाळेत आल्यावरच घालत. गळ्यात इष्टलिंगाची चांदीची डबी असे. तीनशे व्होल्टच्या सर्किटवर वाकण्याआधी ते ती डबी दोऱ्यासकट फिरवून पाठीवर टाकत, करंट छातीतून जाऊ नये म्हणून डावा हात कमरेमागे नेत आणि मगच उजवा हात पुढं करत. तीस वर्षांत त्यांनी हा क्रम एकदाही चुकवला नाही. शिपाई बाकीच्यांना सांगे, "अप्पांनी देव पाठीवर टाकला बे, आता करंट हाय समजा."

आताच्या मुलांना व्हॉल्व्ह म्हणजे काय ते सांगावं लागतं. अंगठ्याहून थोडी जाड, बोटभर उंच काचेची नळी, आतली हवा काढून घेतलेली. मधोमध एक भाग तापून लाल होतो आणि त्यातून इलेक्ट्रॉन बाहेर पडतात. बाहेरच्या बाजूला एक पत्रा असतो, त्याला प्लेट म्हणतात. इलेक्ट्रॉन तिकडे धावतात. दोघांच्या मध्ये तारेची बारीक जाळी असते, ती ग्रीड. ग्रीडला जितके जास्त उणे व्होल्ट द्यावेत तितका प्रवाह अडतो. ट्रान्झिस्टर येण्याआधी सगळे रेडिओ यावरच चालायचे. नव्वदनंतर परळीत कोपऱ्याकोपऱ्यावर एसटीडी बूथ निघाले, कॉम्प्युटरचे क्लास निघाले, तरी बी.एस्सी.च्या प्रात्यक्षिकांत तीन इलेक्ट्रोडचा व्हॉल्व्ह, म्हणजे ट्रायोड, अजून होता. सगळीकडे तो नावापुरता उरला होता. आमच्याकडे मात्र अप्पा होते.

प्रयोगशाळेत एकाच जातीचे बारा ट्रायोड होते. प्रत्येकाच्या बुडाला अप्पांनी पांढऱ्या रंगानं नंबर घातला होता आणि प्रत्येकाचं एक जाड कागदाचं कार्ड होतं. दर दिवाळीच्या सुट्टीत ते एकटे कॉलेजात यायचे, बाराही व्हॉल्व्ह एकेक करून तापवायचे, रीडिंग घ्यायचे आणि कार्डावर नवी ओळ लिहायचे. कोणता थकत चाललाय, कोणता टिकून आहे, सगळं तिथं होतं. कार्डं बुटाच्या खोक्यात ठेवलेली असत. खोक्यावर रोज सकाळी राखेचा पातळ थर बसलेला असे. परळीत वीज केंद्राची राख सगळ्यावरच बसते, वाळत घातलेल्या धोतरावर आणि उघड्या राहिलेल्या पिठावर. अप्पा मलमलच्या फडक्यानं आधी व्हॉल्व्ह पुसत, मग खोकं, आणि मग स्वतःचा चष्मा.

"अगोदर गरम हू दे," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. व्हॉल्व्ह चालू करून वीस मिनिटं झाल्याशिवाय ते कोणाला रीडिंग घेऊ देत नसत. माणसांनाही हाच नियम होता. माझे वडील पहिल्यांदा उमापूरहून कॉलेज बघायला आले, तेव्हा अप्पांनी त्यांना स्टुलावर बसवलं, पाणी दिलं आणि वीस मिनिटं एक शब्द बोलले नाहीत. मग एकदम म्हणाले, "पोरगं चांगलं हाय. घाई लई करतं." बस स्टँडकडे जाताना वडिलांनी मला विचारलं, "ते साहेब आजारी असतेत का रं?"

एखादा व्हॉल्व्ह पार जळाला तर ते तो कचऱ्यात टाकत नसत. प्रयोगशाळेच्या मागं बोरीच्या झाडाखाली हातभर खड्डा करून पुरत. काच जनावरांच्या पायात जाते, हे त्यांचं कारण. पण लिंगायतांत माणसाला पुरतात, त्यामुळे पोरांना चेष्टेला आयता विषय मिळाला होता. "अप्पांनी आज एकाला समाधी दिली," असं मोठं केज म्हणायचा. अप्पा ऐकायचे आणि खड्ड्यावरची माती पायानं दाबायचे.

बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाची प्रात्यक्षिक परीक्षा होती. माझ्या वाट्याला ट्रायोड आला. मी आदल्या दिवशी उमापूरला गेलो होतो, सकाळची बस वाटेत बंद पडली आणि मी तासभर उशिरा पोचलो. जोडणी केली, पण रीडिंग घ्यायला वेळ उरला नव्हता. आमच्याकडे सगळे जे करतात तेच मी केलं. मागच्या वर्षीच्या एका जर्नलातली रीडिंग खिशातल्या कागदावर लिहून आणली होती, ती उत्तरपत्रिकेत उतरवली आणि सुंदर आलेख काढला. बाहेरून आलेले परीक्षक खिडकीजवळ दुसऱ्या मुलाची तोंडी घेत होते.

अप्पा माझ्या टेबलाशी आले. उत्तरपत्रिकेवर त्यांनी एकदाच नजर टाकली.

"हे कोणाचं हाय?"

"माझंच, अप्पा."

"दीडशे व्होल्ट, उणे चारला सहा पॉइंट सहा," ते हळू आवाजात म्हणाले. "हे तीन नंबरचं रीडिंग हाय. तुज्या टेबलावर सात नंबर बसलाय. सात नंबर येवढं देत न्हाई. थकलाय तो. पाच पॉइंट चारच्या वर जात न्हाई."

त्यांनी परीक्षकांना नुसती हाक मारली असती तरी माझं वर्ष गेलं असतं, आणि वर्ष गेलं असतं तर मी शेतात परत गेलो असतो. दुसऱ्यांदा फी भरायला घरात काही नव्हतं. अप्पा खिडकीकडे गेले आणि हात जोडून म्हणाले, "साहेब, त्या टेबलाचा मीटर चिटकला व्हता. चूक माजी हाय. पोराला आर्धा तास द्यावा."

मीटर चिकटला नव्हता. अप्पांच्या प्रयोगशाळेत मीटर कधीच चिकटला नाही. मी त्यांना खोटं बोलताना पाहिलं ते तेवढंच. परीक्षकांनी वेळ दिला. मी सात नंबरची रीडिंग घेतली. उणे चारला काटा बरोबर पाच पॉइंट चारवर थांबला. त्या दिवसापर्यंत मला विज्ञान म्हणजे पाठ करायची गोष्ट वाटत होती.

पुढं एम.एस्सी. करून मी परत आलो. तासिका तत्त्वावर शिकवत होतो, म्हणजे दरवर्षी नवा आदेश आणि दरवर्षी तीच धाकधूक. त्या वर्षी कॉलेजात अनुदानातून चार कॉम्प्युटर आले. प्राचार्य उत्साही गृहस्थ होते. वाईट नव्हते. त्यांनी मला बोलावून सांगितलं, "ट्रायोडचं प्रॅक्टिकल कॉम्प्युटरवर बसवा. विद्यापीठाची समिती येतेय. नीट चाललं तर व्हॉल्व्हची खोली मोकळी करून तिथं कॉम्प्युटर लॅब करू. नाही चाललं तर राहू द्या ती खोली अजून दोन वर्षं, तोवर अप्पाही निवृत्त होतील." मग म्हणाले, "तुमच्या कायम नेमणुकीच्या वेळी याचा उपयोग होईल."

दरवाजाबाहेर अप्पा रजेचा अर्ज घेऊन उभे होते. त्यांनी सगळं ऐकलं होतं.

सर्किटचं गणित करणारं एक सॉफ्टवेअर मी औरंगाबादच्या मित्राकडून फ्लॉपीवर आणलं होतं. सर्किटमधल्या प्रत्येक सांध्याला नंबर द्यायचा, कोणता भाग कोणत्या दोन नंबरांमध्ये आहे ते ओळीओळीनं लिहायचं, की ते प्रवाह काढून आलेख दाखवायचं. त्याच्या यादीत डायोड होता, ट्रान्झिस्टर होता, व्हॉल्व्ह नव्हता. कोणाला हवा असेल तर त्यानं समीकरण स्वतः लिहायचं. समीकरण मला माहीत होतं: ग्रीडच्या व्होल्टला एका आकड्यानं गुणायचं, त्यात प्लेटचे व्होल्ट मिळवायचे आणि त्या बेरजेचा दीड घात काढायचा.

आधी ते चालेचना. एका सांध्याला जमिनीकडे वाट नाही, असं म्हणून प्रोग्रॅम थांबायचा. दोन दिवस मी स्पेलिंग तपासत बसलो. तिसऱ्या दिवशी अप्पा मागं येऊन उभे राहिले.

"काय म्हणतं?"

मी पडद्यावरची ओळ मराठीत सांगितली.

"ग्रीड लोंबकळती ठिवली असशील."

"कॅपॅसिटर लावलाय, अप्पा."

"कॅपॅसिटरातून डीसी जातं व्हय? ग्रीडपासून जमिनीला रेझिस्टन्स लाव, मोठा. खऱ्या व्हॉल्व्हलाबी लागतो, न्हाईतर येडा हुतो."

मी एक ओळ वाढवली आणि प्रोग्रॅम चालला. जे यंत्र त्यांनी हातात धरलं नव्हतं, त्याचा दोष त्यांनी उभ्या उभ्या सांगितला होता.

मग आलेख आला. दीडशे व्होल्टवर ग्रीड शून्यापासून खाली नेत गेलो तसा प्रवाह सुरेख कमी होत गेला, उणे साडेसातला शून्य झाला आणि त्यापुढं पुन्हा वर चढू लागला. उणे बाराला तो नऊ मिलीॲम्पियरवर गेला. खरं सांगायचं तर ते वर आलेलं टोक मी पाहिलं होतं. प्रयोगशाळेत आम्ही मुलं उणे आठच्या पुढं कधी जात नसू. मला वाटलं, पुढं असं होत असेल, कॉम्प्युटर कशाला खोटं बोलेल. विभागप्रमुखांना दाखवलं, ते म्हणाले छान. प्राचार्यांना दाखवलं, तेही छान म्हणाले. त्यांनी त्या आलेखाची मोठी प्रत काढून भिंतीवर लावायला सांगितली.

अप्पांनी भिंतीवरचा कागद चष्मा पुसून पाहिला. मग माझ्याकडे आले.

"उमापूर सर, हे मेलेलं माणूस उठून कावून बसलंय?"

"म्हणजे?"

"ग्रीड उणे बारा. म्हंजी दार बंद, कडी लावली, वरून दगड ठिवला. आन आतून नऊ मिलीॲम्पियर येतंय?"

मी ओळी पुन्हा तपासल्या. उणे साडेसातच्या पलीकडे ती बेरीजच उणे होत होती. उणे आकड्याचा दीड घात निघत नाही, म्हणून प्रोग्रॅमनं उणेचं चिन्ह गाळून टाकलं होतं आणि उरलेल्या आकड्याचा घात काढून दिला होता. मी हे अप्पांना समजावून सांगितलं.

"म्हंजी मशीनबी न बघता उतरवती," ते म्हणाले. "आपल्या पोरायवानी."

मग मला जे सुचलं ते मी बोललो. अजूनही वाटतं की बोललो ते बरं झालं. "अप्पा, हे असंच राहू दिलं तर समितीतला कोणीतरी जाणता माणूस बघेल, प्राचार्यांना लाज वाटेल आणि तुमची खोली राहील. दोन वर्षं तरी राहील."

"मला कळतंय की."

"मग?"

अप्पांनी गळ्यातल्या डबीचा दोरा सरळ केला. "खोली आज न्हाई तर उद्या जाईल. पर ह्यो कागद भिंतीवर लावून गेली तर? पोरं हेच चित्र जर्नलमधी काढतील. मेलेलं उठून बसतं म्हणून शिकतील. दुरुस्त कर. मी रीडिंग सांगतो."

नंतरचे आठ दिवस आम्ही रोज दुपारी बसलो. अप्पा बुटाचं खोकं मांडीवर घेऊन कार्डं वाचत आणि मी टाइप करत असे. प्रत्येक आकडा ते दोनदा सांगत. कीबोर्डला त्यांनी कधी हात लावला नाही, पण कॉम्प्युटरसमोर बसण्याआधी डबी पाठीवर टाकायचे आणि यंत्र सुरू झाल्यावर वीस मिनिटं मला काही करू द्यायचे नाहीत. मी म्हणालो, "याला तापावं लागत नाही, अप्पा." ते म्हणाले, "तुला लागतं."

पहिली दुरुस्ती सोपी होती. बेरीज उणे झाली की ती शून्य धरायची. मेलेलं माणूस परत झोपलं. पण आता आलेख उणे साडेसातला सुरीनं कापल्यासारखा संपत होता. अप्पांना ते पटेना.

"व्हॉल्व्ह असा एका झटक्यात मरत न्हाई. जाळीचे येढे सगळे सारखे नसत्यात, कुठं दाट, कुठं इरळ. बंद झाला म्हणलं तरी थोडं थोडं येत राहतं. बघ, दोन नंबरचं कार्ड बघ. उणे नऊलाबी काटा जरासा हाललाय."

ते शेपूट समीकरणात आणायला मला तीन दिवस लागले. लॉगरिदम वापरून कोपऱ्याला वळण दिलं, आणि वळण किती द्यायचं ते बाराही कार्डांवरून ठरवलं. शेवटच्या दिवशी पडद्यावरची रेघ आणि कार्डांवरचे ठिपके एकमेकांवर बसले. दीडशे व्होल्ट, उणे चारला सहा पॉइंट दोन.

"ह्यो कोणता नंबर?" अप्पांनी विचारलं.

"बाराही मिळून. सरासरी आहे."

"म्हंजी कोणताच न्हाई." त्यांनी खोक्याचं झाकण लावलं. "पर खोटा न्हाई. दाखव तू."

समिती आली त्या दिवशी प्राचार्यांनी प्रयोगशाळेच्या दाराला आंब्याचं तोरण लावलं होतं. तिघे होते. त्यातले एक म्हातारे प्राध्यापक कॉम्प्युटरसमोर बसले, त्यांनी ग्रीड उणे बारापर्यंत नेली, शेपटाकडे बघितलं आणि मान हलवली. "हे तयार कुठं मिळत नाही," ते म्हणाले. "कोणी केलं?"

प्राचार्यांनी माझ्याकडे बघितलं.

"मी केलं, सर."

"फार चांगलं. रीडिंग कुठून घेतली?"

अप्पा दारात उभे होते. हातात मलमलचं फडकं होतं. मी त्यांना पाहिलं. त्या क्षणी माझ्या डोक्यात काय होतं, ते मी नंतर पुष्कळदा आठवून बघितलं. तासिकेवरचा माणूस, त्यात सहायकाकडून काम करून घेतलं असं वाटलं तर, कायम नेमणूक, उमापूर, वडील. हे सगळं बहुधा एका श्वासात येऊन गेलं असेल.

"हँडबुकातून," मी म्हणालो.

प्राध्यापकांनी वहीत ते लिहून घेतलं.

समिती प्राचार्यांच्या खोलीकडे निघाली. अप्पा माझ्याजवळ आले. त्यांनी आयुष्यात कोणाला चहा आणून दिला नव्हता. प्रयोगशाळेत चहाचा कपसुद्धा ते येऊ देत नसत.

"सर, तुमच्यासाठी चहा आणू का?" त्यांनी विचारलं.

उमापूर हा शब्द त्यांनी त्यानंतर कधी उच्चारला नाही.

दिवाळीच्या सुट्टीत व्हॉल्व्हच्या खोलीतलं सामान निर्लेखित, म्हणजे कागदोपत्री बाद, झालं. भंगारवाल्याला काच नको होती, बुडातले पितळेचे पाय हवे होते. त्यानं कॉलेजच्या मागच्या अंगणात पोत्यावर व्हॉल्व्ह ठेवून एकेक हातोडीनं फोडला. व्हॉल्व्ह फुटताना मोठा आवाज होत नाही, हवा आत शिरते तेवढाच. यादीत बारा होते, पोत्यावर अकराच गेले. सात नंबर मी आदल्या दिवशी खिशात घातला होता. भंगारवाला गेल्यावर अप्पा खराटा घेऊन आले. त्यांनी सगळी काच गोळा केली आणि बोरीखाली खड्डा खणू लागले. मी मदतीला वाकलो. "ऱ्हाऊ द्या सर, हात कापंल," ते म्हणाले. कार्डांचं खोकं रद्दीत गेलं की ते घरी घेऊन गेले, हे विचारायचा मला धीर झाला नाही.

त्यांना ग्रंथालयात पाठवलं. दोन वर्षं पुस्तकांवर तारखेचे शिक्के मारून ते निवृत्त झाले. मला समितीच्या अहवालाचा उपयोग झाला. शेजारच्या जिल्ह्यात कायम नोकरी लागली. तिथंही मी तोच प्रोग्रॅम लावला. चाळीस मुलं, चाळीस जर्नलं, आणि प्रत्येकात सहा पॉइंट दोन. कोणी स्वतः केलं आणि कोणी शेजाऱ्याचं उतरवलं, हे आता देवालाही ओळखता यायचं नाही. एकदा जर्नलं तपासता तपासता मी थांबलो आणि त्या दिवशी अप्पांना पत्र लिहिलं.

उत्तर आलं नाही. वर्षभरानं परळीला गेलो तेव्हा त्यांच्या पुतण्यानं सांगितलं, अप्पा गेले. गावाबाहेर त्यांच्या समाजाच्या जागेत त्यांना बसवून माती दिली. पुतण्या दुकानात होता, गिऱ्हाईक उभं होतं, तरी तो आत गेला आणि बुटाचं खोकं घेऊन आला. बाराही कार्डं त्यात होती. सात नंबरच्या कार्डाला माझं पत्र टाचलेलं होतं.

"वाचलं व्हतं त्यायनी," पुतण्या म्हणाला. "दोन डाव वाचलं. मग पेन्सिल मागितली. म्हणले, ह्याला कळवावं लागंल. पर मग दवाखाना सुरू झाला."

पत्रात एका आकड्याखाली त्यांनी रेघ मारली होती आणि शेजारी, थरथरत्या पण नेहमीच्या उभ्या अक्षरात, ५.४ असं लिहिलं होतं. मी लिहिताना सात नंबर आठवला असं समजत होतो. आठवला होता तो कॉम्प्युटरचा आकडा. पत्र खाली देतो आहे. चूक तशीच ठेवली आहे.

*

तीर्थरूप अप्पांना साष्टांग नमस्कार.

मी इथं बरा आहे. नोकरी कायम झाली. वडिलांना दम्याचा त्रास आहे, पण हिंडतात-फिरतात. तुमची आठवण काढतात, वीस मिनिटं गप्प बसवणारे साहेब म्हणून.

लिहायला उशीर झाला. कारण तुम्हाला माहीत आहे. समितीच्या दिवशी त्या प्राध्यापकांनी रीडिंग कुठून घेतली म्हणून विचारलं, तेव्हा मी हँडबुकातून असं सांगितलं. तुम्ही दारात होता. परीक्षेच्या दिवशी तुम्ही माझ्यासाठी मीटर चिकटला म्हणून सांगितलं होतं. मला फक्त खरं सांगायचं होतं, तेवढंही जमलं नाही. मी गेल्या आठवड्यात विद्यापीठाला पत्र लिहून कळवलं आहे की ती सगळी रीडिंग तुमची आहेत. त्यांचं काही उत्तर नाही, येईलसं वाटतही नाही. प्रोग्रॅमच्या पहिल्या ओळीत तुमचं पूर्ण नाव घातलं आहे. ती ओळ गणितात धरली जात नाही, पण प्रत छापली की वर येते. मुलं विचारतात हे कोण. मी सांगतो.

आणखी एक. सात नंबर भंगारात गेला नाही. तो मी न विचारता उचलला होता. माझ्या टेबलाच्या खणात मलमलच्या फडक्यात आहे. इथं तीनशे व्होल्टचा सप्लाय नाही, त्यामुळे त्याचं रीडिंग घेता येत नाही. पण मला तो पाठ आहे. दीडशे व्होल्ट, उणे चारला सहा पॉइंट दोन.

चूक असेल तर कळवावं.

आपला,
उमापूर